दोन घासांचं काहीतरी

इन्स्पेक्टरची बायको गेली त्या दिवशी तो एका परक्या इमारतीत, दोन मजल्यांच्या मध्ये, लिफ्टमध्ये अडकला होता.

इन्स्पेक्टर म्हणजे पोलिसांतला नव्हे. लिफ्टचा. दोर बघायचे, ब्रेक बघायचे, दरवाजे बघायचे आणि सगळं ठीक असेल तर सही करायची, हे त्याचं काम. राहत्या इमारतीत सगळे त्याला इन्स्पेक्टरच म्हणत. नवीन भाडेकरू आधी जरा वचकून असत, आणि त्यांचा गैरसमज दूर करायची त्याने कधी घाई केली नाही. अशा माणसाने स्वतः तपासत असलेल्या लिफ्टमध्ये अडकावं म्हणजे पोहायला शिकवणाऱ्याने हौदात बुडण्यातला प्रकार. पण झालं खरं तसं.

बायको आदल्या दिवशी दवाखान्यात दाखल झाली होती. ऑपरेशन किरकोळ होतं, निदान सगळे तसं म्हणत होते. सकाळी तीच म्हणाली, "इथे बसून माझ्या तोंडाकडे काय बघत बसलाय? कामावर जा. मी काही पळून जात नाही."

लिफ्टमध्ये फोन लागत नव्हता. दवाखान्याने त्याच्या कचेरीत कळवलं, कचेरीने त्या इमारतीच्या मॅनेजरला, मॅनेजरने मेकॅनिकला. म्हणजे बाहेर उभ्या असलेल्या सगळ्यांना कळलं होतं. आत होता तो एकटाच, दारावर थापा मारत आणि "एकेकाबद्दल लेखी देतो, बघाच तुम्ही" असं ओरडत.

बाहेरून आवाज येत होते. "होय साहेब. चुकलंच साहेब. जरा बसून घ्या साहेब. फटीतून पाणी देऊ का?"

इतकी नम्रता त्याला उभ्या नोकरीत कधी मिळाली नव्हती. त्याला वाटलं, आपल्या रिपोर्टाला घाबरले. आणि खोटं कशाला सांगायचं, त्याला ते जरा आवडलंही. त्याने आवाज आणखी चढवला.

शेवटी दार उघडलं तेव्हा लिफ्टची जमीन बाहेरच्या जमिनीपेक्षा कमरेइतकी खाली होती. इन्स्पेक्टर कोपरांवर आणि ढोपरांवर रांगत बाहेर आला, पँटला वंगण, केसांत जळमटं. आणि एकही माणूस हसला नाही. मेकॅनिकने तर टोपी काढून हातात घेतली. लिफ्टचा इन्स्पेक्टर लिफ्टमधून रांगत बाहेर येतो आणि कोणी हसत नाही, तेव्हाच त्याला कळलं की काहीतरी झालंय. काय झालंय ते मॅनेजरने नंतर सांगितलं.

पुढचे काही महिने लोक चांगले वागले. फारच चांगले. जिन्यात तो दिसला की बोलणं थांबे. जिन्यात म्हणायचं कारण, त्याने लिफ्ट वापरणं सोडून दिलं होतं. विचारलं तर "व्यायाम" म्हणे. पण लिफ्टचा इन्स्पेक्टरच जिने चढतोय म्हटल्यावर इमारतीतल्या काही घाबरट मंडळींनीही लिफ्ट सोडली, आणि जिन्यात इतकी वर्दळ झाली की बोलणं थांबवणाऱ्यांची पंचाईत होऊ लागली.

अशाच एका सकाळी खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला गाठलं.

"काका, एक विचारायचं होतं. ते पुढच्या महिन्यातलं... शनिवारचं. आता ते नसेलच ना?"

"कुठलं शनिवारचं?"

"काकूंनी बोलावलं होतं ना सगळ्यांना. हॉलमध्ये. कॉकटेल पार्टीला."

इन्स्पेक्टरला आठवलं. सोसायटीचा हॉल मिळणं मुश्किल, म्हणून बायकोने कितीतरी आधी तो धरून ठेवला होता. "सगळ्यांच्या पार्ट्यांना जातो, खाऊन येतो, तोंड पुसतो," ती म्हणायची. "एकदा आपणही बोलवू की." ती स्वतः लिंबाच्या सरबतापलीकडे काही पीत नसे. तिचा जीव पेयांत नव्हताच, चखण्यात होता.

"म्हणजे नसेल तर मी दुसरीकडे हो म्हणते, एवढंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वाईट नका वाटून घेऊ."

इन्स्पेक्टरने वाईटच वाटून घेतलं. "का नसेल? काकूने तुम्हाला बोलावलंय ना?"

"हो, पण..."

"तिने बोलावलंय म्हणजे बोलावलंय. यायचं."

आणि तो ताठ मानेने उरलेले जिने चढून गेला. वर पोचल्यावर कुलपात किल्ली घालताना त्याच्या लक्षात आलं की आपल्याला पार्टी करता येत नाही. पार्टी तर सोडाच, भातसुद्धा कधी कच्चा, कधी लगदा. पण शब्द गेला होता. आणि शब्द त्याचा असता तर त्याने फिरवलाही असता. हा तिचा होता.

आधी तो हॉलसाठी सेक्रेटरींकडे गेला.

सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे नियमांचा पुतळा. स्वतःच्या बायकोने बाल्कनीत कुंड्यांसाठी मांडणी ठोकली तेव्हा त्यांनी तिला सोसायटीची नोटीस काढली होती, आणि नोटीस घरातल्या घरात पोस्टाने पाठवली होती. तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. जे काही बोलायचं ते तिसऱ्याच्या तोंडून.

सेक्रेटरींनी रजिस्टर पाहिलं. "बुकिंग वहिनींच्या नावाने आहे. फ्लॅट त्यांच्या नावावर, तेव्हा सभासद त्या. सभासद हयात नसेल तर बुकिंग आपोआप रद्द."

"मग माझ्या नावाने करा."

"तुमच्या नावाने कसं करणार? तुम्ही सभासद नाही."

"मी इथे इतकी वर्षं राहतोय. मग मी आहे तरी कोण?"

"सहनिवासी," सेक्रेटरी चष्म्यावरून बघत म्हणाले. "फ्लॅट नावावर करून घ्या, अर्ज द्या, कमिटी बसेल, मग सभासद."

इन्स्पेक्टरने आयुष्यात खूप पदं ऐकली होती, पण आपण आपल्याच घरात सहनिवासी होतो हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. बायकोला हे माहीत होतं का? असणार. म्हणूनच ती कपाटाचे दोन कप्पे सोडून बाकी सगळं वापरत होती.

आतून सेक्रेटरींच्या बायकोचा आवाज आला. "इन्स्पेक्टरसाहेब, त्यांना सांगा, शोकसभेला बुकिंग लागत नाही म्हणावं. नियम नंबर अमुकतमुक. त्यांनीच केलाय."

सेक्रेटरी रजिस्टर मिटून इन्स्पेक्टरला म्हणाले, "तिला सांगा, बरोबर आहे." आणि पुढे म्हणाले, "दिवंगत सभासदासाठी शोकसभा असेल तर हॉल मिळेल. पण मद्य नाही. आणि शेवटी उभं राहून शांतता पाळावी लागते. ती मी जाहीर करतो, तो सेक्रेटरीचा अधिकार आहे."

"त्यांना सांगा," आतून आवाज, "फळ्यावर 'पेयपान' लिहा. कसलं ते लिहू नका."

अशा रीतीने ती कॉकटेल पार्टी कागदोपत्री शोकसभा झाली. फक्त सोसायटीच्या बशा मिळणार नव्हत्या, कारण शोकसभेत बशा लागत नाहीत, असंही नियमात होतं. इन्स्पेक्टरने त्याकडे लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं.

चखण्याचं ठरवायला त्याची मेव्हणी आली. बायकोची धाकटी बहीण, शाळेत भूगोल शिकवणारी. आल्या आल्या ती म्हणाली, "भाऊजी, आधी चखणा म्हणणं बंद करा. स्टार्टर म्हणा. ताईने कॉकटेल पार्टी ठरवली होती, गुत्ता नव्हे."

"बरं. स्टार्टर."

"ताईच्या मनात काय होतं? काही बोलली होती?"

तीच तर गोम होती. ती काही बोलली नव्हती. निदान त्याला आठवत नव्हतं. मग इमारतभर सल्ले गोळा झाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चिकट नको, कडक नको, आणि टूथपिक तर अजिबात नको, त्यापायी त्यांनी काय काय बघितलंय ते त्या जेवायच्या आधी सांगू शकत नाहीत. सेक्रेटरी म्हणाले, ओघळणारं नको, हॉलच्या फरश्या नव्या आहेत. त्यांच्या बायकोने कळवलं की ओघळत नाही आणि चिकटत नाही अशी एकच वस्तू जगात आहे, ती म्हणजे खडू.

शेवटी मेव्हणीने एक केटररबाई शोधून काढल्या. बोलायला चटपटीत, हाताने त्याहून. त्या एक मोठा ट्रे नमुन्याला घेऊन आल्या आणि टेबलावर ठेवून समोर बसल्या. चीजचे चौकोन, भरलेली मशरूम, उकडलेल्या अंड्यांच्या फोडी, इवल्याशा वाट्यांत मक्याचे दाणे, बटाट्याचे गोळे. सगळं बोराएवढं.

"घ्या," केटररबाई म्हणाल्या.

इन्स्पेक्टर ट्रेकडे बघत बसला. केटररबाई त्याच्याकडे बघत बसल्या.

"घ्या ना साहेब. गार होतंय."

तेव्हा त्याला कळलं की आपण वाट बघतोय.

लग्न झाल्यापासून त्याने कुठल्याही ट्रेमधून स्वतःच्या हाताने काही उचललं नव्हतं. उचलायची ती. तिचं म्हणणं असं की पोट एक आणि पदार्थ दहा, मग सगळं चाखायचं तर अर्धं अर्धंच खाल्लं पाहिजे. ती एक उचलायची, अर्धं चावायची आणि उरलेलं अर्धं न बघताच डावीकडे धरायची. "बघा बरं कसं आहे." डावीकडे तो असायचाच. त्याने खाऊन "बरं आहे" म्हणायचं, की ती पुढच्या ट्रेकडे. चांगलं नसलं तरी तो "बरं आहे" म्हणायचा, आणि तिला दोन्हींतला फरक कळायचा. इतकी वर्षं त्याने जे खाल्लं होतं, ते सगळं अर्धं होतं.

त्याने बटाट्याचा गोळा उचलला. अर्धा चावला. चव काय होती ते त्याला सांगता आलं नसतं, कारण उरलेल्या अर्ध्याचं करायचं काय, हा प्रश्न पुढ्यात होता. डावीकडे खिडकी होती. थोडा वेळ हात तसाच धरून त्याने तो अर्धा गोळा हळूच ट्रेमध्ये जागच्या जागी ठेवून दिला.

केटररबाईंचा चेहरा कसा झाला ते लिहिण्यात अर्थ नाही. नमुन्याचा तो ट्रे त्या पुढच्या गिऱ्हाइकाकडे नेणार होत्या.

"आवडलं नाही का?"

"बरं आहे. पण लहान आहे. एका घासात संपतं."

"साहेब, एका घासातच संपायला पाहिजे. हातात ग्लास असतो. दुसऱ्या हाताने उचललं, तोंडात टाकलं, हात मोकळा. हात मोकळा तर गप्पा मोकळ्या. आमच्या धंद्याचं पहिलं सूत्र आहे ते."

"मला दोन घासांचं काहीतरी पाहिजे."

"का पण?"

इन्स्पेक्टरने कपाळाला आठ्या घातल्या. हे कारण सांगण्यासारखं नव्हतं. "पाहिजे," तो म्हणाला.

"भाऊजी," मेव्हणी हळूच म्हणाली, "एका घासाचंच असतं सगळीकडे."

"असू दे. आपल्याकडे दोन घासांचं."

केटररबाईंनी हात जोडले. दोन घासांचं म्हणजे स्टार्टर नव्हे, ते जेवण, आणि जेवणाचा दर वेगळा, असं म्हणून त्या निघाल्या. त्यांना मेव्हणीने जिन्यात गाठून कसंबसं वळवलं. तिने काय सांगितलं कोण जाणे. केटररबाई परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता, आणि इन्स्पेक्टरला तो आवाज ओळखीचा वाटला. त्या दिवशी लिफ्टच्या बाहेरून आला होता तसा. "करू हं साहेब," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगाल तसं करू." त्या आवाजाने त्याचा उरलेला दिवस वाईट गेला.

पण दोन घासांचं म्हणजे काय, हे सोपं नव्हतं. पहिला घास घेतल्यावर उरलेला अर्धा भाग हातात टिकला पाहिजे. चुरा होता कामा नये, वरचं खाली पडता कामा नये, आणि दुसऱ्याच्या हातात देताना मोडता कामा नये. शेवटची अट त्याने मनातच ठेवली. हा प्रश्न भाराचा होता, आणि भार हा इन्स्पेक्टरचा विषय. त्याने स्वयंपाकघरात चाचण्या सुरू केल्या. बिस्किटं वाकवून बघितली, ती वाकलीच नाहीत, तुटली. पावाच्या चकत्यांवर चीज रचून त्या एका टोकाने धरून ठेवल्या. चकती मान टाकायची. ओट्यावर, फरशीवर, त्याच्या चपलांवर चीज. मेव्हणी दारात उभी राहून बघत होती.

"लिफ्टचा दोर लागतो त्याच्या कितीतरी पट जाड ठेवतात," तो तिला सांगत होता. "का, तर माणसं आत आहेत."

"या पावावर कोण बसणारे?"

त्याने पुढचा पाव कापायला घेतला. पण शेवटी जमलं. पाव लांबट पट्ट्यांत कापायचा, एकदा नाही, दोनदा भाजायचा, वर परतलेलं मशरूम आणि त्याला धरून ठेवायला चीज. पट्टी एका टोकाने धरून त्याने ती हातभर लांब नेली, हलवली, परत आणली. काही पडलं नाही. मोठ्या लिफ्टवर सही करताना वाटायचं तसं त्याला वाटलं.

"चव?" मेव्हणीने विचारलं.

ते बघायचं राहिलं होतं.

शनिवारी सोसायटीच्या फळ्यावर 'शोकसभा' आणि खाली 'पेयपान' असं सेक्रेटरींच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं. त्यामुळे निम्मी माणसं काकूंचं बोलावणं आठवून अत्तर लावून आली आणि निम्मी फळा वाचून पडलेल्या चेहऱ्याने. दारात एकमेकांना बघून दोन्ही पक्ष चपापले. अत्तरवाल्यांनी चेहरे पाडले, चेहरे पाडलेल्यांनी हसायचा प्रयत्न केला. मेव्हणीने लिंबाच्या सरबताचा एक जग भरून टेबलाच्या कडेला ठेवला होता. त्याला कोणी हात लावला नाही.

मग पट्ट्यांचे ट्रे फिरले आणि केटररबाईंचं सूत्र सगळ्यांना कळलं. एका हातात ग्लास. दुसऱ्या हातात पट्टी. पहिला घास घेतला, कुर्रकन. दुसरा लगेच घ्यावा तर तोंड भरलेलं, आणि पाव दोनदा भाजलेला. ठेवावी तर बशी नाही. त्यामुळे हॉलमधली सगळी माणसं एकाच वेळी अर्धी पट्टी हवेत धरून, काही न बोलता, गाईसारखी चावत उभी राहिली. डॉक्टरीणबाई जबड्यावर हात ठेवून इन्स्पेक्टरकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत एक बिल होतं.

नेमक्या याच वेळी सेक्रेटरी टाळी वाजवून म्हणाले, "आता आपण उभं राहून शांतता पाळू या."

सगळे उभेच होते. शांतता झाली. म्हणजे व्हायला हवी होती. पण तोंडात पट्टी होती, आणि ती गिळायची तर चावायला पाहिजे. एका कोपऱ्यातून कुर्र आलं. मग दुसऱ्या. मान खाली घालून, डोळे मिटून, लोक जमेल तितक्या दुःखी चेहऱ्याने कुरकुरत होते. इन्स्पेक्टरला कानांपर्यंत लाज चढली. तिने लोकांना बोलावलं होतं, आणि त्याने हे केलं होतं.

तेवढ्यात सेक्रेटरींच्या बायकोला ठसका लागला. ग्लास खाली ठेवायला जागा नाही, पट्टी ठेवायला जागा नाही. तिने शेजारी न बघताच अर्धी पट्टी बाजूला धरली. "अहो, धरा हे."

कुंड्यांच्या नोटिशीनंतर ती त्यांच्याशी थेट बोललेली ही पहिली गोष्ट. सेक्रेटरी गांगरले. शांतता त्यांनीच जाहीर केलेली, बोलता येईना. हातात घड्याळ धरलेलं. मग त्यांनी वाकून ती अर्धी पट्टी तिच्या हातातूनच तोंडात घेतली आणि चावू लागले. बायकोने ग्लासातला घोट घेतला, डोळे पुसले आणि विचारलं, "बरी आहे ना?" त्यांनी मान हलवली. शांतता किती वेळ चालायची होती ते ते विसरूनच गेले.

कोणीतरी हसलं. मग दुसऱ्या एका बाईने आपली उरलेली अर्धी नवऱ्याला दिली. एकाने शेजाऱ्याला. डॉक्टरीणबाईंनी आपली अर्धी सासूबाईंच्या हातावर ठेवली, दातांच्या डॉक्टरला न शोभणारी घाई करून. हात मोकळे झाले. गप्पा मोकळ्या झाल्या. कोणी काकूंची एक आठवण सांगितली, कोणी दुसरी. त्या प्रत्येक ट्रेपाशी कशा थांबायच्या, आणि "बघा बरं" कशा म्हणायच्या. "आणि काका नेहमी 'बरं आहे'," असं कोणी म्हटलं, तेव्हा सगळे हसले. त्या लिफ्टमधून बाहेर आल्यापासून त्याला कोणी हसलं नव्हतं. त्याला बरं वाटलं.

मेव्हणी जवळ आली. "भाऊजी, तुम्ही नाही खाल्लंत अजून."

त्याने ट्रेमधली शेवटची पट्टी उचलली. स्वतःच्या हाताने. अर्धी चावली. चव चांगली होती. मीठ जरासं कमी. मग त्याचा हात बाजूला गेला, आणि उरलेली अर्धी पट्टी हवेत तशीच राहिली. पडली नाही. भक्कम होती.

मेव्हणीने ते बघितलं. "ताई तुम्हाला कायम अर्धंच द्यायची," ती म्हणाली. "मला लहानपणी वाटायचं, तुम्हाला कमी मिळतं."

"मला वाटायचं, तिला कमी मिळतं," इन्स्पेक्टर म्हणाला.

"द्या. मी खाते."

तिने हात पुढे केला. त्याने दिली नाही. म्हणाला, "राहू दे." आणि ती अर्धी पट्टी हातातच धरून तो जिने चढून घरी गेला.

आता सगळं आटोपलं आहे. भाड्याचे ग्लास परत गेले. हॉलची किल्ली सेक्रेटरींना दिली. ते म्हणाले, बायकोला विचारून सांगतो तुमच्या अर्जाचं कसं करायचं ते. केटररबाईंनी ती पट्टी त्यांच्या यादीत घातली, पण अर्ध्या आकारात. फळा पुसला गेला. फ्लॅट अजून तिच्याच नावावर आहे आणि तो सहनिवासी आहे. त्याची त्याला घाई नाही. स्वयंपाकघरात ओट्याच्या डाव्या बाजूला एका बशीवर वाटी उपडी घातलेली आहे. ती बशी तेवढी धुवायची राहिली आहे.